उमरखाडी ते मानखुर्द : चिल्ड्रेन्स एड सोसायटीचा इतिहास

मुंबई इलाख्याच्या सरकारातील तत्कालीन होम मेंबरच्या आश्रयाखाली १ मे १९२७ रोजी स्थापन झालेल्या चिल्ड्रेन्स एड सोसायटीला २०२७ च्या मे महिन्यात शंभर वर्षे पूर्ण होतील. अशा प्रसंगी संस्थेचा वृत्तांत लिहिणारा मनुष्य साहजिकच इमारतींच्या पायाभरणीकडे आणि देणग्यांच्या आकड्यांकडे वळतो. परंतु ज्या मुलांसाठी ही संस्था निघाली त्यांचा इतिहास त्या दप्तरात फारसा सापडत नाही. ती मुले संस्थेच्या आधीही होती, त्यांना हाताशी धरणाऱ्या टोळ्याही होत्या, आणि त्या टोळ्यांतून त्यांना सोडवून पुन्हा माणसांत आणावयाचे तर नेमके काय करावे लागते याचे ज्ञान संस्थेला उपजत नव्हते. ते तिला हळूहळू मिळत गेले. कधी स्वतःच्या अनुभवाने, कधी न्यायालयाच्या कानउघाडणीने, तर कधी शेजारच्या संस्थांच्या उदाहरणाने. मी येथे त्या शिकण्याचाच मागोवा घेणार आहे. या लेखात एकाही मुलाचे नाव येणार नाही. अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ अन्वये मनाई आहे, आणि तशी मनाई नसती तरी, ज्याने आपले पूर्वायुष्य मोठ्या कष्टाने मागे टाकले त्याचे नाव स्मरणिकेच्या शोभेसाठी पुन्हा उच्चारण्याचा अधिकार कोणाला असावा असे मला वाटत नाही.

मुंबईत अशा मुलांचा निराळा विचार झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. ‘बाँबे टाइम्स’चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी १८५० मध्ये उनाड मुलांना हातकाम शिकविणारी एक उद्योगशाळा काढली, आणि सात वर्षांनी, बगदादहून येऊन मुंबईत स्थायिक झालेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या दातृत्वाने तिला स्थैर्य लाभून त्यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ती हीच. पुढे तिचा कारभार आपल्या सोसायटीकडे आला. मुलाच्या हाती कसब आले म्हणजे त्याचे पाऊल वाकडे पडणार नाही, अशी त्या काळाची दृढ श्रद्धा होती. ती खोटी नव्हती, परंतु अपुरी होती. हाताला कसब असलेला मुलगा टोळीलाही हवाच असतो, आणि सुतारकाम शिकून बाहेर पडलेल्या मुलाला दारात काम देणारा मिस्त्री भेटला नाही, तर जुना ओळखीचा माणूस मात्र हटकून भेटतो, ही गोष्ट ध्यानात येण्यास पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

शाळेत जागा मिळणारी मुले थोडी होती. बाकीच्यांच्या नशिबी सराईत कैद्यांचा शेजारच असे. १९१९-२० च्या इंडियन जेल्स कमिटीने मुलांना कैदखान्यापासून दूर ठेवावे, त्यांच्यासाठी स्वतंत्र न्यायालये आणि स्वतंत्र निवासस्थाने असावीत, अशी शिफारस केली. मद्रास इलाख्याने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबईने १९२४ मध्ये आपापले बालक अधिनियम संमत केले. कायदा झाला, पण त्याप्रमाणे मुलांना ठेवणार कोठे आणि त्यांच्या घरची चौकशी करणार कोण, हा प्रश्न उरलाच. सोसायटीचा जन्म त्या प्रश्नातून झाला.

तिच्या वाट्याला आलेली वास्तू मराठी वाचकाला अपरिचित नाही. डोंगरीच्या उमरखाडीतील तो जुना तुरुंग म्हणजे, कोल्हापूर प्रकरणातील बेअब्रूच्या खटल्यात शिक्षा होऊन १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर जेथे एकशे एक दिवस राहिले, ते ठिकाण. आगरकरांनी त्या दिवसांचा वृत्तांत लिहून ठेवला आणि तेथेच शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठीकरण हाती घेतले, हे आपल्या वाङ्मयेतिहासात नमूद आहे. ज्या भिंतींआड दोन तरुण अध्यापकांची विद्या आणि मैत्री कसास लागली, त्याच भिंतींआड पुढे रिमांड होम आले, आणि आज निरीक्षण गृह म्हणून ओळखली जाणारी ही जागा मुंबईकरांच्या तोंडी नुसती ‘डोंगरी’ झाली. टोळीत वावरणाऱ्या मुलांमध्ये ‘डोंगरीला जाऊन आलो’ हे वाक्य लज्जेने नव्हे, तर हुद्द्याच्या थाटात उच्चारले जाते. तुरुंगाच्या वास्तूत मुलांचे घर थाटल्याचा हा परिणाम आहे असे माझे स्पष्ट मत आहे. दगडी कोट, जाड दरवाजा आणि हजेरीची घंटा यांतून मुलाला आपण कोण आहोत याचे जे उत्तर मिळते, ते पुसून काढण्यास आतल्या शिक्षकाला मग दुप्पट कष्ट पडतात.

सोसायटीच्या स्थापनेच्या वर्षीच, १९२७ मध्ये, अमेरिकेत फ्रेडरिक थ्रॅशर या समाजशास्त्रज्ञाचा शिकागोतील १,३१३ टोळ्यांच्या अभ्यासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. जगातले पहिले बाल न्यायालय १८९९ मध्ये निघाले तेही त्याच शहरात. थ्रॅशरने दाखवून दिले की टोळी ही आरंभी गुन्हेगारांची जमवाजमव नसून गल्लीत एकत्र खेळणाऱ्या मुलांचा कंपू असते. शेजारच्या कंपूशी, दुकानदाराशी, पोलिसाशी झालेल्या संघर्षातून तिला नाव मिळते, पुढारी मिळतो, निष्ठा मिळते. आणि शहराच्या ज्या पट्ट्यांत कारखाना, रेल्वे आणि वस्ती यांच्या सांध्यावर कोणाचीच देखरेख नसते तेथे ती फोफावते. शिकागोची ही हकीकत कुर्ला, घाटकोपर, जोगेश्वरीच्या रुळांलगतच्या वस्त्यांना इतकी तंतोतंत लागू पडते की वाचताना नवल वाटावे. त्या शहरी विद्याध्ययन केलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ मध्ये मुंबईत आले, त्यांनी नागपाड्याच्या श्रमिक वस्तीत नेबरहूड हाऊस चालविले, आणि त्यांच्याच प्रेरणेने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. पुढल्याच वर्षी त्या शाळेने मुलांच्या मानसिक अडचणींसाठी बालमार्गदर्शन केंद्र काढले. हीच शाळा पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली, १९५४ मध्ये देवनारला गेली, आणि मानखुर्दच्या आपल्या बालगृहांची शेजारीण बनली. या शेजाराचे फळ पुढे सांगावयाचे आहे.

परिवीक्षा अधिकारी हे पद या सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. त्याचे काम बाहेरच्या जगाला जवळजवळ अज्ञात असल्यामुळे ते थोडे जवळून दाखविणे उचित होईल. मुलगा पकडला गेला, बाल न्याय मंडळापुढे हजर झाला, की या अधिकाऱ्याने त्याच्या घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल तयार करावयाचा. घर घाटकोपरच्या डोंगरउतारावर असेल तर पायऱ्या चढत, नळावरच्या बायकांना विचारत जावे लागते. आई बहुधा धुणीभांड्याच्या कामावर गेलेली असते, म्हणून दुसऱ्यांदा, संध्याकाळी जावे लागते. मग दहा फुटांच्या खोलीत बसून विचारावयाचे : शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, कशामुळे सुटली, रात्री मुलगा कोठे झोपतो, घरात पैसे केव्हा आणून देऊ लागला, आणि ते कोठून आले असे आपण त्याला विचारलेत का? या शेवटच्या प्रश्नावर आई गप्प होते. अनुभवी अधिकारी तो प्रश्न पुन्हा विचारीत नाही. तो मुलाचा एखादा मामा, एखादा गॅरेजवाला, व्यायामशाळेतला एखादा वडीलधारा, ज्याचा शब्द मुलगा मानतो, असा माणूस हुडकू लागतो. अहवालाचा छापील नमुना कितीही रकान्यांचा असो, तो माणूस सापडला की नाही यावर मुलाचे पुढचे बरेचसे अवलंबून असते. हंसा शेठ यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालगुन्हेगारीवरील ग्रंथात मुंबई-पुण्याच्या मुलांचा जो अभ्यास आहे, तोही अशाच नोंदींच्या आधारावर उभा राहू शकतो. नोंद करणारा माणूस दारापर्यंत गेला नाही, तर अभ्यासही नाही आणि सुधारणाही नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा नवा मुंबई बालक अधिनियम आला, आणि शहर उत्तरेकडे सरकू लागले. १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपरचा टापू आणि १९५७ मध्ये बोरिवली-मुलुंडपर्यंतचा मुलूख बृहन्मुंबईत दाखल झाला. मिठागरांच्या आणि खाडीच्या कडेला असलेले मानखुर्द तेव्हा गावासारखेच होते. तेथील मोकळ्या जमिनीवर चेंबूर चिल्ड्रेन्स होम आणि सोसायटीची इतर बालगृहे विस्तारली. उमरखाडीच्या कोंदट कोटातून मुले झाडांखाली आली, ही त्या काळातली मोठीच प्रगती होय. पण अंतर हे दुधारी असते. दहिसरच्या किंवा मुलुंडच्या बापाला मुलाच्या भेटीसाठी मानखुर्दला किंवा डोंगरीला जावयाचे म्हणजे एका दिवसाच्या रोजंदारीवर पाणी सोडावे लागे, आणि दोन-तीन भेटींनंतर पुष्कळांचे येणे थांबे. येणे थांबले की मुलगा आपल्याला टाकले असे समजे, आणि त्या समजुतीचा लाभ कोण घेत असे हे सांगावयास नको.

त्यानंतरचा काळ या विषयाच्या दृष्टीने सर्वांत कठीण आहे, आणि त्यातले एक साल विसरता येत नाही. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे हा टोळीप्रमुख पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. मुंबईच्या चकमकींच्या इतिहासात ही घटना आरंभीची म्हणून गणली जाते. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, १८ जानेवारीला, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि तो रीतसर कधी मिटलाच नाही. संपाने घरे कशी मोडली, कामगार कुटुंबे परळ-लालबाग सोडून भांडुप, मुलुंड, बोरिवली, डोंबिवलीकडे कशी पांगली, याचे वर्णन अनेकांनी केले आहे. मला येथे एवढेच सांगावयाचे आहे की बापाच्या पगाराबरोबर बापाचा शब्दही घरातून गेला. गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटण्याची जी वाट पिढ्यान्पिढ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलापुढे होती ती बंद झाली, आणि त्याच वेळी नाक्यावर उभ्या असलेल्या ‘भाई’ची वाट खुली होती. उपनगरांतही तेच. चेंबूरच्या टिळकनगरातील टोळीची सुरुवात सहकार चित्रपटगृहाबाहेर तिकिटांचा काळा बाजार करण्यापासून झाली. तेथूनच छोटा राजन या नावाने कुविख्यात झालेला इसम पुढे आला. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलात भरदिवसा चकमक झाली, तेव्हा हे जग आपल्या गॅलरीखाली येऊन पोचल्याचे मध्यमवर्गाला प्रथम जाणवले.

टोळी मुलाला एकदम हत्यार देत नाही. आधी तिकिटे विकावयास लावते, मग निरोप पोचविण्यास, मग कोणावर तरी नजर ठेवण्यास. ‘फिल्डिंग’ लावणे हा शब्द त्याच्या कानी पडतो तो या वेळी. पैसा मिळतो, पण पैशाहून मोठे असे आणखी काही मिळते. त्याला नाव मिळते, गल्लीत लोक बाजूला होतात. आणि पकडला गेलाच, तर वकील येतो, जामीन होतो, घरी महिन्याचे धान्य जाते. ज्या घराकडे सरकारचा किंवा समाजाचा कोणीही माणूस वर्षानुवर्षे फिरकला नाही, तेथे संकटाच्या दिवशी टोळीचा माणूस पिशवी घेऊन उभा राहतो. जो कोणी त्या मुलाला बाहेर काढू पाहतो त्याच्यापाशी पैसा, नाव आणि आधार या तिन्हींना तोडीस तोड असे काही असावे लागते. त्याच्या नुसत्या उपदेशाकडे मुलगा सभ्यपणे पाहतो आणि निघून जातो.

आपली संस्था या काळात तोडीस तोड होती काय? या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे, आणि ते स्मरणिकेतून वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पत्रकार शीला बारसे यांनी सोसायटीच्या निरीक्षण गृहांतील स्थितीविषयी मुंबई उच्च न्यायालयाकडे धाव घेतली. मुलांना पालकांकडे परत पाठविण्यास होणारा विलंब, ताब्यात घेताना नीट विचार न होणे, दाखल झाल्यानंतर पुढील पाठपुरावा नसणे, मोबदल्याशिवाय काम करवून घेणे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. उच्च न्यायालयाने काही निर्देश दिले; पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २० डिसेंबर १९८६ रोजी निकाल लागला. मुख्यमंत्री जिच्या पदसिद्ध अध्यक्षस्थानी आहेत आणि जी सरकारी अनुदानावर चालते, ती संस्था राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ च्या अर्थाने ‘राज्य’च मानली पाहिजे व तिने मुलांचे मूलभूत हक्क सांभाळूनच वागले पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. सामान्य न्यायाधिकाऱ्याच्या खोलीवर बाल न्यायालयाची पाटी लावल्याने कायद्याचा हेतू साध्य होत नाही, त्यासाठी खास प्रशिक्षित माणूसच हवा, हेही त्याच निकालात आले. सोसायटीच्या शंभर वर्षांत याहून उपकारक अशी दुसरी घटना मला दिसत नाही. खाजगी धर्मादायाच्या वृत्तीत जी एक स्वस्थता येते ती या निकालाने भंगली. मुलाला आसरा देणे हा आता उपकार उरला नाही, ते कर्तव्य झाले.

कायदेही मग एकामागून एक आले. १९८६ चा बाल न्याय अधिनियम, २००० चा अधिनियम, ज्याने मुलग्यांची वयोमर्यादा सोळावरून अठरावर नेली, आणि २०१५ चा अधिनियम, ज्याने निर्घृण अपराधाच्या बाबतीत सोळा ते अठरा वयाच्या मुलाचे प्राथमिक मूल्यांकन करून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची तजवीज केली. या शेवटच्या तरतुदीवर पुष्कळ वाद झाला आहे. दिल्लीच्या २०१२ च्या आणि मुंबईच्या शक्ती मिल परिसरातील २०१३ च्या अत्याचारांनी लोकमत क्षुब्ध झाले होते, हे खरे. तथापि टोळीने कोवळ्या वयात ओढलेला मुलगा प्रौढांच्या कोठडीत गेला तर तेथे त्याला कोणते गुरू मिळतील, हा १९१९ च्या कमिटीचा प्रश्न आजही तसाच उभा आहे.

आता देवनारच्या शेजाराकडे वळू. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या गुन्हेगारीशास्त्र विभागात, डॉ. सनोबर साहनी यांच्या पुढाकाराने, ‘प्रयास’ हा प्रकल्प सुरू झाला, आणि पुढे प्रा. विजय राघवन यांनी त्याची धुरा वाहिली. अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलगा आपल्या कक्षेतून निघून जातो, आणि पुन्हा पकडला गेला तर आर्थर रोडच्या कारागृहात दिसतो, हे सोसायटीचे नित्याचे दुःख होते. ‘प्रयास’ने काम धरले ते नेमके येथून पुढे. त्यांचे समाजकार्यकर्ते कारागृहात, न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात जाऊन बसू लागले. त्यांच्या पहिल्या कामांत विद्वत्तेचे काहीच नव्हते : घरी कळविणे, वकील मिळवून देणे, जामिनाची रक्कम नसलेल्याला वैयक्तिक मुचलक्यावर सोडण्याची विनंती न्यायालयापुढे नेणे. हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने गरीब कच्च्या कैद्यांच्या बाजूने निर्णय दिला होता, आणि जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीन देऊ न शकणारा आरोपी निर्धन समजावा अशी दुरुस्ती २००५ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत आली. परंतु कायद्यातले हे कलम आणि कोठडीतला मुलगा यांची गाठ घालून देणारा माणूस जागेवर असल्याखेरीज दोन्ही आपापल्या ठिकाणी राहतात. टोळीचा वकील ती गाठ तत्परतेने घालून देतो आणि त्याची किंमत मुलाकडून पुढे आयुष्यभर वसूल करतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

सुटकेचा दिवस हा सर्वांत धोक्याचा. मुलगा दरवाजातून बाहेर पडतो तेव्हा त्याचा मोबाइल बहुधा मुद्देमाल म्हणून पोलिसांकडे अडकलेला असतो, आधारकार्ड कोठे आहे ते त्याला आठवत नाही, खिशात लोकलच्या तिकिटापुरते पैसे असले तर असतात. रस्त्याच्या पलीकडे मोटारसायकल उभी असते. तीवरचा मित्र नवा शर्ट घेऊन आलेला असतो आणि रात्री जेवायला कोठे जावयाचे हे ठरवून आलेला असतो. त्याच्या आधी, निदान त्याच्याबरोबर, दुसरा कोणी तरी तेथे हजर पाहिजे. ‘प्रयास’ने यावर जो उपाय योजला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. कारागृहातून आलेल्याला कारखानदार सहसा ठेवून घेत नाही, चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यापाशी सगळे अडते. म्हणून अशा तरुणांना निरनिराळ्या स्वयंसेवी संस्थांत वर्षभरापर्यंत उमेदवार म्हणून ठेवावयाचे आणि दरमहा विद्यावेतन ‘प्रयास’ने द्यावयाचे. तेथे त्याला वेळेवर येणे, हिशेब देणे, वरिष्ठाचे बोलणे ऐकून घेणे, रागावर ताबा ठेवणे या गोष्टींची सवय होते, आणि वर्षाच्या शेवटी, अमुक ठिकाणी काम केले असे सांगावयास एक जागा मिळते. नोकरी मागणाऱ्या माणसाला ‘गेली दोन वर्षे कोठे होता?’ या प्रश्नाचे सांगण्याजोगे उत्तर हवे असते; ते पुरविणे हे पुनर्वसनाचे अर्धे काम आहे.

मोठ्या कोटाऐवजी लहान घर, ही दुसरी शिकवण आपल्याला उपनगरातूनच मिळू शकते. अंधेरीत १९६२ पासून चालणाऱ्या ‘स्नेहसदन’ने रेल्वे फलाटांवर राहणाऱ्या पळून आलेल्या मुलांना, पालकांच्या जागी असलेल्या माणसांसह, साध्या घरांतून वाढविले, फादर प्लासिदो फोन्सेका यांनी त्यात आपली हयात वेचली. फलाटावरचा मुलगा ही टोळीची सर्वांत सोपी शिकार, कारण त्याला विचारणारे कोणीच नसते. तेथे वाढलेल्या अमीन शेख यांनी आत्मकथन लिहिले, आणि ते विकून जमविलेल्या पैशांतून अंधेरीतच पुस्तकांनी भरलेले उपाहारगृह काढले, जेथे त्यांच्यासारख्या मुलांना काम मिळावे असा त्यांचा हेतू आहे. लॉस एंजलिसमध्ये फादर ग्रेगरी बॉइल यांनी १९८८ पासून टोळ्यांतील तरुणांसाठी जे कार्य केले, ज्यातून १९९२ मध्ये एकमेकांच्या वैरी टोळ्यांतील मुले एकाच भट्टीवर पाव भाजू लागली, त्याची कीर्ती जगभर झाली आहे; परंतु आपल्यापाशीही असे पूर्वज आहेत. औंध संस्थानाने १९३९ मध्ये, मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढून शिक्षा झालेल्या माणसांना कुंपणावाचून शेती करू दिली, आणि व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्याच प्रयोगावरून निघाला. नागपुरात प्राध्यापक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांच्या पायाशी फुटबॉल दिला, तेथेही कंपूची निष्ठा नष्ट न करता ती दुसरीकडे वळविण्याचेच तत्त्व आहे. टोळीत जी निष्ठा असते ती मुलातली सर्वांत मोलाची गोष्ट असते, असे म्हणावयास मी कचरत नाही.

आजच्या टोळीचे रूप पालटले आहे. चकमकींचा काळ सरला, १९९९ च्या मोक्का कायद्याने बड्या टोळ्यांची रचना खिळखिळी झाली. पण वस्तीतल्या लहान कंपूंना आता अमली पदार्थांची पुडी पोचविण्याचे काम मिळते, आणि अल्पवयीनाला शिक्षा कमी होते हा हिशेब करूनच प्रौढ लोक मुलाला पुढे करतात. मुलाला बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढास किंवा प्रौढांच्या टोळीस २०१५ च्या अधिनियमाच्या कलम ८३ अन्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ९५ मुलाकडून गुन्हा करविणाऱ्यास तीन ते दहा वर्षांची शिक्षा सांगते. मुलगा पकडला गेला की या कलमांखालील खरा आरोपी शोधण्याचा आग्रह आपल्या परिवीक्षा अधिकाऱ्यांनी आणि वकिलांनी धरला पाहिजे, कारण ज्याने मुलाला पाठविले तो नाक्यावर मोकळा उभा असेल तर सुटून आलेल्या मुलाला घरी राहण्यास सांगणे व्यर्थ आहे. त्याच अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे, बालपणातील दोषसिद्धीमुळे, प्रौढाप्रमाणे खटला चाललेली मुले वगळता, पुढे कोणतीही अपात्रता येत नाही. तरीही पडताळणीच्या वेळी जुनी नोंद वर काढली जाते, मुलगा घाबरून अर्जच करीत नाही, आणि हे कलम त्याच्या हाती कागद म्हणून देणारे कोणी नसते.

त्याच अधिनियमाच्या कलम ४६ अन्वये अठरा वर्षांनंतर संस्थेबाहेर पडणाऱ्याला अनुरक्षणाचे, म्हणजे पुढील आधाराचे, साहाय्य मिळू शकते. शताब्दीच्या निमित्ताने सोसायटीने निधी जमवावयाचा असेल तर तो नव्या सभागृहासाठी जमवू नये, अशी माझी विनंती आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथे, रेल्वे स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, प्रत्येकी दहा-बारा तरुणांपुरती भाड्याची घरे घ्यावीत; तेथे एक स्वयंपाकघर, एक कायम राहणारा गृहप्रमुख आणि आसपासच्या गॅरेजवाल्यांशी, छापखान्यांशी, रुग्णालयांशी ओळख असलेला एक कार्यकर्ता असावा. आणि सोसायटीच्या नोंदवहीत, जेथे आज मुलाच्या सुटकेची तारीख लिहून रकाना संपतो, त्यापुढे तीन रकाने वाढवावेत : एका वर्षानंतर तो कोठे आहे, दोन वर्षांनंतर कोठे आहे, तीन वर्षांनंतर कोठे आहे. ते रकाने भरावयास परिवीक्षा अधिकाऱ्याला घाटकोपरच्या पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतील, आणि त्यासाठी आज एका अधिकाऱ्याच्या माथी असलेली मुलांची संख्या कमी करून नवी पदे मंजूर करून घ्यावी लागतील. हा प्रस्ताव महिला व बालविकास विभागाकडे शताब्दीच्या आधीच जावा.